एकाच प्रोग्रामची दोन-तीन व्हर्जन्स: लिनक्स ती कुठं ठेवतं आणि आपण ती कशी सांभाळायची

आधी टर्मिनल उघडा आणि 'एलएस -एल /यूएसआर/बिन/पायथन३' टाका. (कमांड मी बोलतो तशा देवनागरीत लिहितोय, टाईप करताना अर्थातच नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत करा.) डेबियन किंवा उबुंटू असेल तर उत्तरात एक बाण दिसेल, पायथन३ कडून पायथन३.१० कडे किंवा ३.११ कडे, तुमच्याकडं जे असेल ते. म्हणजे पायथन३ नावाचा प्रोग्राम तिथं नाहीच, ती नुसती पाटी आहे (सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाईलकडं बोट दाखवणारी लिंक), खरा प्रोग्राम शेजारी व्हर्जनचा आकडा लावून बसलाय. हा बाण लक्षात ठेवा कारण पुढचं जवळजवळ सगळं त्याच्याभोवती फिरतं. दोन व्हर्जन्स एकत्र नांदू शकतील का हे फाईलच्या पत्त्यावरून ठरतं, आणि त्यातलं कुठलं चालणार हे अशा एखाद्या पाटीवरून.

एक पत्ता, एक मालक

डेबियन-उबुंटूच्या तळाशी डीपीकेजी आहे, म्हणजे पॅकेजेस (एकेका प्रोग्रामच्या फाईलींचे गठ्ठे) बसवणारं-काढणारं टूल. त्याच्यावर बसलेलं एपीटी डाऊनलोड करतं, डिपेंडन्सीचा (कुठल्या पॅकेजला दुसरी कुठली लागतात त्याचा) हिशोब लावतं, पण फाईल प्रत्यक्ष डिस्कवर मांडायचं काम डीपीकेजीचं. त्याची वही असते /व्हार/लिब/डीपीकेजी मधे. तिथं स्टेटस नावाची एक साधी टेक्स्ट फाईल आहे, आणि इन्फो फोल्डरमधे प्रत्येक पॅकेजची .लिस्ट फाईल, ज्यात त्या पॅकेजनं टाकलेल्या एकूणएक फाईलचा पूर्ण पत्ता ओळीनं लिहिलेला असतो. एखादी उघडून बघाच, त्यात गूढ काही नाही.

या वहीचे दोन नियम आहेत: एका नावाचं पॅकेज (एका आर्किटेक्चरसाठी, म्हणजे एका प्रकारच्या प्रोसेसरसाठी) एकाच व्हर्जनचं असणार, आणि एका पत्त्यावरच्या फाईलचा मालक एकच पॅकेज असणार. दुसरा नियम मोडायला गेलात की 'ट्राईंग टू ओव्हरराईट' असं म्हणून इन्स्टॉल तिथंच थांबतं, आणि मग बरेच जण फोर्स-ओव्हरराईट लावून मोकळे होतात. हे कृपा करून करू नका, कारण नंतर ते नवीन पॅकेज काढलंत की फाईल पण जाते, जुनं पॅकेज लंगडं होऊन बसतं आणि डीपीकेजीच्या वहीत मात्र दोन्हीकडं आलबेल दिसतं.

मग असे नियम असताना दोन व्हर्जन्स बसतात कशी? तर डेबियननं व्हर्जनचा आकडा थेट पॅकेजच्या नावातच घातला. जीसीसी-१२ आणि जीसीसी-१३ (सी चा कंपायलर), ओपनजेडीके-१७-जेडीके आणि ओपनजेडीके-२१-जेडीके (जावा) ही डीपीकेजीच्या नजरेत एकाच प्रोग्रामची दोन व्हर्जन्स नाहीतच, ती दोन वेगळी पॅकेजेस आहेत, आणि त्यांच्या फाईलींचे पत्ते पण जाणीवपूर्वक वेगळे ठेवलेत. वर 'जीसीसी' नावाचं एक छोटं पॅकेज असतं, त्याचं काम एवढंच की सध्याच्या डीफॉल्ट व्हर्जनवर डिपेंड व्हायचं आणि /यूएसआर/बिन/जीसीसी ही लिंक तिकडं वळवून ठेवायची.

कुठली फाईल कोणाची हे विचारायला 'डीपीकेजी -एस' (मोठा एस) आणि पुढं पत्ता. वरच्या पायथन३ वर हे चालवून बघितलंत तर मालक पायथन३-मिनिमल निघेल, आणि पायथन३.१० वर चालवलंत तर पायथन३.१०-मिनिमल. पाटीचा मालक वेगळा, प्रोग्रामचा वेगळा. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवाल्यांना हेच 'आरपीएम -क्यूएफ' (तिकडं डीपीकेजीच्या जागी आरपीएम, एपीटीच्या जागी डीएनएफ), आर्चवाल्यांना 'पॅकमन -क्यूओ' (क्यू मोठा, ओ छोटा).

पोस्टग्रेसकडं बघून शिका

ही मांडणी सगळ्यात नीट कुठं केली असेल तर डेबियनच्या पोस्टग्रेस (डेटाबेस सर्व्हर) पॅकेजमधे, मला ती मनापासून आवडते म्हणून जरा थांबून सांगतो. पोस्टग्रेसची अडचण अशी की एका मेजर व्हर्जनची डेटा डिरेक्टरी दुसऱ्या मेजर व्हर्जनला वाचता येत नाही, त्यामुळं १३ वरून १५ वर जाताना थोडा वेळ तरी दोन्ही मशीनवर लागतातच, नाहीतर जुना डेटा वाचणार कोण. म्हणून त्यांनी काय केलं तर प्रत्येक ठिकाणी आकड्याचं फोल्डर ठेवलं: प्रोग्राम /यूएसआर/लिब/पोस्टग्रेएसक्यूएल/१३/बिन मधे, डेटा /व्हार/लिब/पोस्टग्रेएसक्यूएल/१३/मेन मधे, कॉन्फिग /ईटीसी/पोस्टग्रेएसक्यूएल/१३/मेन मधे, आणि १५ चं सगळं तसंच शेजारी. प्रोग्राम, डेटा आणि सेटिंग तिन्ही वेगळे ठेवले तरच दोन व्हर्जन्स खऱ्या अर्थानं सुटी राहतात, नुसता प्रोग्राम वेगळा ठेवून भागत नाही.

डेबियन ११ मधे पोस्टग्रेस १३ होतं, १२ मधे १५ आलं. ११ वरून १२ ला अपग्रेड करताना पोस्टग्रेएसक्यूएल हे मेटापॅकेज (स्वतः रिकामं, फक्त सध्याच्या व्हर्जनवर डिपेंड असणारं) असेल तर १५ आपोआप येतं, १३ आहे तिथंच राहतं, आणि १५ चं एक रिकामं क्लस्टर (एक सर्व्हर आणि त्याचा डेटा मिळून झालेला संच) दुसऱ्या पोर्टवर, साधारणपणे ५४३३ वर, सुरू होतं. इथं माणसं घाबरतात की डेटा गेला. डेटा गेलेला नसतो, तुम्ही रिकाम्या क्लस्टरकडं बघत असता किंवा जुनं बंद असतं. 'पीजी_एलएसक्लस्टर्स' चालवा, दोन्ही ओळी दिसतील, व्हर्जन, पोर्ट, चालू की बंद, सगळं. मग क्रम असा: आधी डंप (सगळ्या डेटाची फाईलमधली नक्कल) काढून दुसरीकडं ठेवायचा, मग 'पीजी_ड्रॉपक्लस्टर --स्टॉप १५ मेन' करून ते रिकामं क्लस्टर काढायचं (ते खरंच रिकामं आहे ना हे दोनदा बघा, आकडा टाकताना चुकू नका), मग 'पीजी_अपग्रेडक्लस्टर १३ मेन'. झालं की १५ जुन्या पोर्टवर येतं आणि १३ बाजूला जातं. १३ लगेच काढायची घाई नको, आठ-दहा दिवस ॲप नीट चालू देत, मग ड्रॉपक्लस्टर आणि मग पॅकेज काढा.

लायब्ररीचा आकडा वेगळा असतो

लायब्ररीत (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या कोडमधे) हेच आहे पण तिथला आकडा प्रोग्रामच्या व्हर्जनचा असेलच असं नाही, तो सोनेमचा, म्हणजे प्रोग्राम ज्या नावानं लायब्ररी मागतो त्या नावातला असतो. /यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू मधे लिबएसएसएल.एसओ.१.१ आणि लिबएसएसएल.एसओ.३ दोन्ही राहू शकतात, कारण पॅकेजेसच वेगळी, लिबएसएसएल१.१ आणि लिबएसएसएल३. प्रोग्राम बिल्ड होताना त्याच्या पोटातच लिहिलं जातं की मला अमुक सोनेमची लायब्ररी लागेल, आणि सुरू होताना लोडर (लायब्ररी प्रोग्रामला जोडून देणारा) बरोबर त्याच नावाची फाईल शोधतो. काय लागतं ते बघायला 'एलडीडी' आणि पुढं प्रोग्रामचा पत्ता, पण अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या फाईलवर एलडीडी चालवू नका, त्यात ती फाईल चालू शकते, तिथं 'ऑब्जडम्प -पी' वापरा.

जुना प्रोग्राम लिबएसएसएल.एसओ.१.१ मागतो आणि मशीनवर फक्त ३ आहे, अशा वेळी ३ ला १.१ च्या नावाची सिमलिंक करून द्यायचा सल्ला सर्रास दिला जातो. तसं करू नका. आतली रचना बदलली म्हणूनच तर आकडा बदललाय. प्रोग्राम एकतर सिम्बॉल (लायब्ररीतल्या फंक्शनचं नाव) सापडत नाही म्हणून मरतो, किंवा त्याहून वाईट, चालतो आणि मधेच कुठंतरी चुकतो.

पाटी बदलायची रीत: अल्टरनेटिव्ज

दोन जावा टाकले, आता 'जावा' म्हटल्यावर कुठलं चालणार? इथं बाण एकावर एक आहेत. /यूएसआर/बिन/जावा ही लिंक जाते /ईटीसी/अल्टरनेटिव्ज/जावा कडे, आणि ती पुढं जाते /यूएसआर/लिब/जेव्हीएम च्या आत खऱ्या जावाकडे. 'रीडलिंक -एफ /यूएसआर/बिन/जावा' केलंत की थेट शेवटचा मुक्काम दिसतो. मधला टप्पा मुद्दाम ठेवलाय, कारण /यूएसआर/बिन हा पॅकेजांचा इलाका आणि /ईटीसी हा ॲडमिनचा, म्हणजे तुमचा, तुमची निवड तिथं लिहिलेली राहते.

'अपडेट-अल्टरनेटिव्ज --डिस्प्ले जावा' करून बघा. प्रत्येक पर्यायापुढं प्रायॉरिटी दिसेल, ओपनजेडीके ११ ला ११११, १७ ला १७११, २१ ला २१११, आणि वर लिहिलेलं असेल ऑटो मोड की मॅन्युअल मोड. ऑटोमधे सगळ्यात मोठी प्रायॉरिटी जिंकते, म्हणून नवीन जावा टाकलं की डीफॉल्ट आपोआप बदलतं आणि सकाळी चालणारं ॲप दुपारी चालत नाही. बदलायला 'सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ज --कॉन्फिग जावा', यादी येते, आकडा द्यायचा. एकदा हातानं निवडलंत की मोड मॅन्युअल होतो, नंतर कितीही नवीन आलं तरी तुमची निवड हलत नाही, जोवर तुम्ही '--ऑटो जावा' करत नाही किंवा निवडलेलं व्हर्जनच काढून टाकत नाही. सर्व्हरवर मी कायम मॅन्युअलच ठेवतो.

एक खाच आहे. जावा (चालवणारं) आणि जावासी (कंपाईल करणारं) हे दोन वेगळे गट आहेत, एक बदललं म्हणजे दुसरं बदललं असं नाही, त्यामुळं कंपाईल २१ नं होतं, चालवायला १७ येतं आणि मग 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' चा एरर. सगळं एकदम वळवायला जावा-कॉमन पॅकेजमधलं 'अपडेट-जावा-अल्टरनेटिव्ज' वापरा. फेडोराकडं कमांडचं नाव नुसतं 'अल्टरनेटिव्ज' आहे, बाकी कल्पना तीच.

मात्र सगळंच या यंत्रणेत नोंदवलेलं नसतं. डेबियनमधे जीसीसी आणि पायथन३ या लिंका थेट पॅकेजच्या मालकीच्या आहेत, त्यांना जबरदस्तीनं अल्टरनेटिव्जमधे घालायचे सल्ले नेटवर पडलेत पण जीसीसीसाठी बिल्ड करताना 'सीसी=जीसीसी-१२' देणं पुरतं, आणि पायथनसाठी तर तसं करूच नका. का ते सांगतो.

मशीनवर सिस्टीमचं ३.१० होतं, मी बाहेरून ३.१२ आणलं आणि रोज ३.१२ टाईप करायचा कंटाळा म्हणून पायथन३ ची लिंक हातानं नव्याकडं वळवली. थोड्या वेळानं एपीटी अपडेट केलं तर शेवटी 'नो मॉड्यूल नेम्ड एपीटी_पीकेजी'. चुकीची कमांड टाकली की कुठलं पॅकेज टाका ते सुचवणारं जे असतं ते पण एरर ओकायला लागलं, आणि दुसऱ्या दिवशी डेस्कटॉपवरून टर्मिनलच उघडेना. कारण शोधायला माझी संध्याकाळ गेली आणि सापडलं ते असं: एपीटी_पीकेजी हे सी मधे लिहिलेलं मॉड्यूल आहे, फाईलच्या नावातच सीपायथन-३१० असं कोरलेलं, ३.१२ त्याच्याकडं बघत सुद्धा नाही, आणि सिस्टीमची कितीतरी कामं पायथन३ या एका नावावर डोळे झाकून विसंबलेली असतात. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ नं साध्या कन्सोलवर जाऊन 'एलएन -एसएफ पायथन३.१० /यूएसआर/बिन/पायथन३' केलं, सगळं जागेवर आलं. तुमच्यावर ही वेळ आली असेल तर हाच उपाय, फक्त आकडा तुमच्या सिस्टीमचा टाका.

मग नवीन पायथन, नवीन नोड टाकायचं कुठं?

घरात, म्हणजे होम डिरेक्टरीत. पायएन्व्ह हे टूल पायथनचं प्रत्येक व्हर्जन ~/.पायएन्व्ह/व्हर्जन्स मधे आकड्याच्या फोल्डरमधे ठेवतं, एनव्हीएम नोडची ठेवतं ~/.एनव्हीएम/व्हर्जन्स/नोड मधे, रस्टअपचे टूलचेन (रस्ट भाषेच्या कंपायलरचे संच) ~/.रस्टअप/टूलचेन्स मधे. यांना रूट (ॲडमिनचे अधिकार) लागत नाही, सिस्टीमच्या वहीशी यांचा संबंध नाही, आणि नको झालं की फोल्डर काढलं की संपलं. निवड होते ती पाथ या व्हेरिएबलच्या (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची त्या यादीच्या) क्रमावरून: पायएन्व्ह आपलं शिम्स फोल्डर पाथच्या सुरुवातीला घालतं, त्यातला छोटा स्क्रिप्ट प्रोजेक्टमधली .पायथन-व्हर्जन फाईल वाचतो आणि योग्य पायथनकडं पाठवतो.

गोंधळ झाला की 'टाईप -ए पायथन३' करा, पाथच्या क्रमानं जेवढे पायथन३ आहेत तेवढे सगळे दिसतात, पहिला चालणार. आणि नवीन टाकून पण बॅश (टर्मिनलमधला कमांड वाचणारा शेल) जुनंच चालवत असेल तर 'हॅश -आर' करा, बॅशनं आधी सापडलेला पत्ता लक्षात ठेवलेला असतो तो विसरतं.

सोर्समधून पायथन बिल्ड करत असाल तर 'मेक इन्स्टॉल' ऐवजी 'मेक ऑल्टइन्स्टॉल', त्यानं फक्त आकडा असलेली नावं पडतात, पायथन३ नाव कोणी हिसकावत नाही. आणखी एक, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (व्हीएन्व्ह, एका प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) म्हणजे पायथनची कॉपी असं बऱ्याच जणांना वाटतं. ते बहुतेक करून मूळ पायथनकडं जाणारी सिमलिंकच असते, त्यामुळं खालचं ३.११ उडवलंत की त्यावर उभे असलेले सगळे व्हीएन्व्ह मेले. जुनं व्हर्जन काढण्याआधी प्रोजेक्टमधे 'रीडलिंक -एफ बिन/पायथन' एकदा बघाच.

कर्नल: इथं प्रत्येकाची रीत वेगळी

कर्नल (लिनक्सचा गाभा) एकच ठेवलं आणि नवीन बूट झालं नाही तर मशीन बंद, म्हणून जुनं शिल्लक राहायलाच पाहिजे. डेबियनमधे परत तीच नावात आकडा घालायची युक्ती: लिनक्स-इमेज-६.१.०-१८-एएमडी६४ हे अख्खं पॅकेजचं नाव आहे, नवीन आलं की वेगळ्या नावाचं पॅकेज येतं, आणि लिनक्स-इमेज-एएमडी६४ हे मेटापॅकेज कायम ताज्याकडं बोट दाखवतं.

आरपीएमचा स्वभाव वेगळा. फाईली एकमेकींना धडकत नसतील तर एकाच नावाची दोन व्हर्जन्स आरपीएम शेजारी शेजारी ठेवू शकतं, तशी परवानगी त्याच्या मांडणीतच आहे: '-आय' म्हणजे शेजारी टाक, '-यू' म्हणजे जुनं काढून नवीन टाक. डीएनएफ रोजच्या पॅकेजांना अपग्रेड करतं पण कर्नलसाठी 'इन्स्टॉलओन्ली' अशी वेगळी यादी ठेवतं, आणि डीएनएफ.कॉन्फ मधल्या इन्स्टॉलओन्ली_लिमिट नुसार ठराविक तेवढी ठेवतं, फेडोरात ३. 'आरपीएम -क्यू कर्नल-कोअर' केलंत की एकाच नावाच्या दोन-तीन ओळी येतील. चालू असलेलं कर्नल ते उडवत नाही.

आर्चमधे पॅकमन कर्नलला पण साध्या पॅकेजसारखंच वागवतं, नवीन आलं की जुनं गेलं, आणि त्याच्याबरोबर /यूएसआर/लिब/मॉड्यूल्स मधलं जुन्याचं फोल्डर पण गेलं. तुम्ही अजून जुन्याच कर्नलवर चालताय, आता यूएसबी ड्राईव्ह लावला तर माउंट होत नाही कारण ज्याची गरज आहे ते मॉड्यूल (कर्नलचा लागेल तेव्हा चढवायचा भाग) डिस्कवर उरलेलंच नाही. हार्डवेअर बिघडलेलं नसतं, रीबूट करा. आणि आर्च वापरत असाल तर लिनक्स-एलटीएस हे दुसरं कर्नल टाकून ठेवा, नाव वेगळं म्हणून दोन्ही राहतात, अडीनडीला बूट करता येतं.

/बूट वेगळं पार्टिशन असेल तर ते जुन्या कर्नलांनी भरतं आणि अपडेट अर्ध्यात अडकतं. तिथं जाऊन आरएम मारू नका, डीपीकेजीच्या वहीत ते पॅकेज तसंच राहतं आणि पुढच्या वेळी ते परत त्याची इनिट इमेज (बूट होताना लागणारी फाईल) बनवायला बघतं. 'यूनेम -आर' नं चालू कर्नल कुठलं ते बघा, मग 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज'.

परत मागं जायचं असेल तर

एपीटी किंवा पॅकमननं अपग्रेड केल्यावर जुनं व्हर्जन इन्स्टॉल केलेलं राहत नाही, राहिलीच तर त्याची डाऊनलोड केलेली पॅकेज फाईल कॅशमधे राहते. पॅकमन ती /व्हार/कॅश/पॅकमन/पीकेजी मधे ठेवून देतं, स्वतःहून साफ करत नाही, त्यामुळं मागं जाणं सोपं: 'पॅकमन -यू' (मोठा यू) आणि जुन्या फाईलचा पत्ता. म्हणून हे कॅश सगळं रिकामं करू नका, 'पॅककॅश -आर' वापरा, ते प्रत्येक पॅकेजची शेवटची ३ व्हर्जन्स ठेवून बाकीची काढतं. पण एकच पॅकेज मागं नेऊन बाकी सगळं पुढं ठेवणं हे आर्चमधे तात्पुरतंच करायचं, लायब्ररींचे आकडे जुळेनासे होतात.

एपीटीचं कॅश /व्हार/कॅश/एपीटी/आर्काइव्ज मधे, पण 'एपीटी' ही कमांड इन्स्टॉल झाल्यावर डेब फाईल काढून टाकते, जुनी 'एपीटी-गेट' ठेवते, हा फरक माहीत नसल्यानं ऐन वेळी कॅश रिकामं सापडतं. मागं जायला आधी 'एपीटी पॉलिसी' आणि नाव, रिपॉझिटरीत (जिथून पॅकेजेस डाऊनलोड होतात तिथं) कुठली व्हर्जन्स आहेत ते दिसेल, मग 'एपीटी इन्स्टॉल नाव=व्हर्जन', आणि ते तिथंच थांबवायला 'एपीटी-मार्क होल्ड नाव'. होल्ड केलेलं कुठंतरी लिहून ठेवा, त्याला सिक्युरिटी अपडेट पण मिळत नाही. फेडोरात 'डीएनएफ हिस्टरी' बघून 'डीएनएफ हिस्टरी अनडू' आणि तो आकडा, यात एका झटक्यात झालेला सगळा व्यवहार उलटवता येतो, अर्थात जुनी व्हर्जन्स रिपॉझिटरीत शिल्लक असतील तरच.

इथंच एक गोष्ट, अपग्रेड झालं म्हणजे नवीन चालू झालं असं नाही. डीपीकेजी नवीन फाईल .डीपीकेजी-न्यू अशा नावानं शेजारी उतरवतं आणि मग रीनेम करून जागेवर बसवतं. जो प्रोग्राम आधीपासून चालू आहे त्याच्या हातात जुनी फाईलच असते, डिरेक्टरीतून तिचं नाव गेलेलं पण डिस्कवर ती अजून जिवंत, प्रोसेस बंद होईपर्यंत. म्हणजे त्या काळात दोन व्हर्जन्स खरोखर मशीनवर असतात आणि वहीत एकच. 'सुडो एलसॉफ' च्या आऊटपुटमधे डिलीटेड किंवा डीईएल शोधा, किंवा 'नीडरीस्टार्ट' टाकून ठेवा, रीस्टार्ट कशाला हवा ते सांगतं. लिबएसएसएलचं सिक्युरिटी अपडेट केलं आणि वेब सर्व्हर रीस्टार्टच केला नाही तर भोक तसंच उघडं आहे.

निक्स: पत्त्यातच सगळं

निक्स या पॅकेज मॅनेजरनं पहिल्या दिवसापासून वेगळा रस्ता धरला. एल्को डॉल्स्ट्रा यांनी २००३ च्या सुमारास हे काम सुरू केलं आणि २००६ मधे उट्रेख्त विद्यापीठात त्यावर पीएचडी केली. कल्पना अशी की प्रत्येक पॅकेज /निक्स/स्टोअर मधे स्वतःच्या फोल्डरमधे, आणि फोल्डरच्या नावात आधी ३२ अक्षरांचा हॅश, मग नाव आणि व्हर्जन. हा हॅश निघतो बिल्डला लागलेल्या सगळ्या गोष्टींवरून, सोर्स, कंपायलर, लायब्ररी, बिल्ड स्क्रिप्ट, ऑप्शन, सगळं धरून. त्यामुळं नुसती दोन व्हर्जन्स नाही तर एकाच व्हर्जनचे वेगवेगळ्या ऑप्शननं केलेले दोन बिल्ड पण निवांत शेजारी बसतात, पत्ता कधी धडकतच नाही. आणि प्रोग्रामच्या पोटात लायब्ररीचा नुसता सोनेम नाही तर स्टोअरमधला पूर्ण रस्ता कोरलेला असतो, म्हणून चुकीची लायब्ररी उचलली जायचा प्रश्न उरत नाही. स्टोअरमधे एलएस -एल केलंत तर सगळ्या फाईलींची तारीख १९७० ची दिसेल, ते घड्याळ बिघडलेलं नाही, बिल्ड दर वेळी तसाच्या तसा यावा म्हणून तारीख मुद्दाम पुसलेली आहे.

तुम्ही वापरता ते म्हणजे परत लिंकाच. होममधलं .निक्स-प्रोफाईल एका आकडा असलेल्या जनरेशनकडं जातं, ते स्टोअरमधल्या एका फोल्डरकडं. काही टाकलं-काढलं की नवीन जनरेशन बनते आणि वरची लिंक तिकडं फिरते. 'निक्स-एन्व्ह --लिस्ट-जनरेशन्स' नं यादी, '--रोलबॅक' नं एक पाऊल मागं, आणि हे क्षणात होतं कारण काहीच कॉपी होत नाही.

किंमत डिस्कची. 'निक्स-कलेक्ट-गार्बेज -डी' करा असं सगळीकडं लिहिलेलं असतं पण त्या -डी नं जुन्या सगळ्या जनरेशन्स जातात आणि रोलबॅकची सोय पण जाते, त्याऐवजी '--डिलीट-ओल्डर-दॅन ३०डी' द्या. आणि साफ करूनही जागा सुटत नसेल तर 'निक्स-स्टोअर --जीसी --प्रिंट-रूट्स' बघा, बहुतेक वेळा कुठल्यातरी विसरलेल्या प्रोजेक्टमधे निक्स-बिल्डनं टाकलेली 'रिझल्ट' नावाची लिंक सापडेल, ती आहे तोवर तिच्यामागचं सगळं धरून ठेवलं जातं. लिंक काढा, परत साफ करा. गीक्स याच वाटेवरचं, त्याचं स्टोअर /जीएनयू/स्टोअर.

जेंटू या लिनक्समधे स्लॉट असतात, पॅकेज लिहिणाराच ठरवतो की कुठली व्हर्जन्स शेजारी राहू शकतात, नाव एकच आणि स्लॉट वेगळा, आणि निवड 'ईसिलेक्ट' नं.

स्नॅप आणि फ्लॅटपॅक

स्नॅप (ॲप स्वतंत्र गठ्ठ्यात द्यायची पद्धत) मधे प्रत्येक रिव्हिजन म्हणजे एक बंद स्क्वॉशएफएस फाईल (आत अख्खी फाईलसिस्टीम दाबून भरलेली, फक्त वाचता येणारी), /व्हार/लिब/स्नॅपडी/स्नॅप्स मधे, ती माउंट होते /स्नॅप/नाव/रिव्हिजन वर आणि 'करंट' नावाची लिंक चालू रिव्हिजन दाखवते. 'स्नॅप लिस्ट --ऑल' करा, जुन्या पुढं डिसेबल्ड लिहिलेलं दिसेल. मागं जायला 'स्नॅप रिव्हर्ट नाव'. किती ठेवायच्या ते 'रिफ्रेश.रिटेन' मधे, २ पासून २० पर्यंत. एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या, स्नॅप प्रत्येक रिव्हिजनसाठी डेटाचं पण वेगळं फोल्डर ठेवतं, नवीन आलं की जुन्याचा डेटा त्यात कॉपी होतो, त्यामुळं रिव्हर्ट केलंत की डेटा पण तेव्हाचा दिसतो. नंतर केलेलं काम गायब वाटतं ते नव्या रिव्हिजनच्या फोल्डरमधे असतं, आधी ते बाहेर काढून ठेवा आणि मग काय ते करा. 'कॉमन' फोल्डरमधलं याला अपवाद.

फ्लॅटपॅक (ॲप द्यायची तशीच दुसरी पद्धत) फाईली साठवायला ओएसट्री वापरतं, /व्हार/लिब/फ्लॅटपॅक/रेपो मधे प्रत्येक फाईल तिच्या हॅशच्या नावानं एकदाच, आणि ॲप किंवा रनटाईमच्या (ॲपांना लागणाऱ्या लायब्ररींच्या संचाच्या) फोल्डरमधून तिकडं हार्डलिंका (त्याच फाईलची दुसरी नावं). म्हणून फ्रीडेस्कटॉप रनटाईम २२.०८ आणि २३.०८ दोन्ही दिसले तर दचकायचं कारण नाही, दोघांत जेवढ्या फाईली सारख्या तेवढ्या डिस्कवर एकदाच आहेत. कुठल्याच ॲपला न लागणारे रनटाईम काढायला 'फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड', आणि ॲप मागं न्यायला 'फ्लॅटपॅक रिमोट-इन्फो --लॉग' मधून कमिट शोधून 'फ्लॅटपॅक अपडेट --कमिट=' पुढं तो कमिट, आणि नंतर 'फ्लॅटपॅक मास्क' नं अपडेट थांबवा, नाहीतर पुढच्या अपडेटला ते परत पुढं जातं.

कुठलंही जुनं व्हर्जन काढायच्या आधी मी आता ठरलेल्या तीनच गोष्टी बघतो: 'रीडलिंक -एफ' नं पाटी शेवटी कुठं जाते, त्या शेवटच्या फाईलचा मालक कोण, आणि 'एपीटी रिमूव्ह -एस' (छोटा एस) नं खोटं खोटं काढून बरोबर काय काय जाणार. ती तिसरी यादी अनपेक्षित लांब आली तर एंटर न दाबता एकेक नाव वाचा.